जखम भरते ती हातात हात धरून

घरचं आरोग्य

मैत्रिणींनो, नांदेड आणि लातूरकडून आलेल्या टपालातली तीन पत्रं आज एकत्र घेतली आहेत. वरवर पाहिलं तर त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. एकीचा हात पोळला आहे, दुसरीच्या तळपायाची जखम तीन महिने भरत नाही आणि तिसरीच्या तान्ह्या मुलीचा ओठ जन्मतःच दुभंगलेला आहे. पण तिन्ही पत्रांचं उत्तर शरीराच्या एकाच करामतीत आहे. आपल्या अंगातल्या पेशी एकमेकींना धरून, एकमेकींना ओढत, घोळक्यानं कशा चालतात, ती ही करामत. ती एकदा समजली, की काय करायचं आणि काय करायचं नाही हे पाठ करावं लागत नाही.

पहिलं पत्र : पोळलेला हात

नांदेडच्या एक भगिनी लिहितात, "पुऱ्या तळताना तेल मनगटावर सांडलं. सासूबाईंनी लगेच हळद आणि तूप लावलं, जाऊबाई म्हणाल्या टूथपेस्ट लाव. फोड आला तो शेजारणीनं सुईनं फोडला. आता सगळ्या सांगतात की हात उघडाच ठेव, वाळू दे, खपली धरली की बरं होईल. आठ दिवस झाले, खपली धरते, हात वळवला की तडकते. काय करू?"

खपली धरली म्हणजे जखम बरी झाली, असं आपण आईच्या, आजीच्या तोंडून ऐकत आलो. खपली हे झाकण आहे. खरं काम चालतं ते तिच्या खाली.

कातडी पोळली किंवा सोलली, की काठावरच्या पेशी साधारण एका दिवसात जाग्या होतात. एरवी त्या जागच्या हलत नाहीत. शेजारणींना घट्ट धरून बसलेल्या असतात. ही धरण्याची साधनं दोन प्रकारची. एक शेजारच्या पेशीचा हात धरण्याचं, परकरपोलक्याच्या टिचबटणासारखं. त्यातलं महत्त्वाचं द्रव्य म्हणजे कॅडहेरिन. जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी ते शोधलं. हे बटण नीट लागायला कॅल्शियम लागतं, म्हणून त्याच्या नावातही कॅल्शियम आहे. दुसरं साधन पायाखालची जमीन धरण्याचं. त्याला इंटिग्रिन म्हणतात. चिखलातून चालताना आपण पायाची बोटं रोवतो ना, तशी ही पकड.

जखम झाली की काठावरची पेशी जमिनीवरची घट्ट पकड थोडी ढिली करते, पुढं पदरासारखा पातळ पापुद्रा पसरते, तिथं नवी पकड घेते आणि अंग ओढून पुढं सरकते. पण ती एकटी जात नाही. शेजारणीचा हात सोडत नाही, त्यामुळं शेजारीणही ओढली जाते, तिच्यामागची तिच्याबरोबर येते. माळेगावच्या जत्रेत गर्दीतून जाताना पाच-सहा जणी एकमेकींचा हात, पदर धरून कशा चालतात? पुढची वाट काढते, पण मागचीनं हात सोडला तर रांग तुटते. इथंही तसंच. दिवसाला मिलिमीटरचा काही भाग, एवढीच त्यांची चाल. मागं नवनव्या पेशी जन्मत असतात, त्यामुळं पुढं गेलेल्यांची जागा रिकामी राहत नाही.

पूर्वी शास्त्रज्ञांनाही वाटायचं, की पुढच्या ओळीतल्या पेशी जोर लावतात आणि बाकीच्या नुसत्या फरफटत जातात. २००९ साली बार्सिलोनाचे झेवियर ट्रेपाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. खरवसासारख्या मऊ, लवचिक थरावर त्यांनी पेशींची चादर वाढवली. त्या थरात बारीक मणी पेरलेले होते. पेशी चालताना ते मणी किती सरकतात, यावरून कोणती पेशी किती जोरानं ओढते याचा हिशेब निघाला. पुढच्या ओळीच्या कितीतरी मागं असलेल्या पेशीही जोर लावत होत्या. सगळ्या चादरीत जणू रस्सीखेच चाललेली. नंतर २०१८ साली जर्मनीत मेधावी विश्वकर्मा, तमाल दास, योआखिम श्पाट्झ आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. कोणती पेशी पुढारीण होणार, हे तिच्या एकटीच्या अंगच्या गुणांवर ठरत नाही. तिच्या मागच्या पेशी आपसांत कशा ओढाताण करतात, त्यावर ठरतं. तमाल दास यांनी पुढं आपल्या शेजारच्या हैदराबादेत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, याच विषयावर काम चालवलं. घरात मुलगी नाव काढते, तेव्हा तिच्यामागं कोण कोण उभं होतं हे आपल्याला ठाऊक असतंच. पेशींचा न्याय तोच निघाला.

चालता चालता दोन्ही काठ समोरासमोर आले, की पेशी एकमेकींना भेटतात, हात धरतात आणि थांबतात. भेट झाली की चाल थांबते, हा निरोगी पेशींचा मोठाच गुण आहे. तो ज्या रोगात हरवतो त्याचं नाव कर्करोग. त्यावर पुन्हा कधीतरी स्वतंत्र लिहीन.

खपली की ओलावा?

आता पत्रातल्या प्रश्नाकडं येऊ. चालायला जमीन कशी हवी? कोरडी, तडकलेली नको. १९६२ साली इंग्लंडमधले जॉर्ज विंटर यांनी डुकराच्या अंगावरच्या सारख्याच जखमा दोन तऱ्हांनी ठेवून पाहिल्या. काही उघड्या वाळू दिल्या, काही पातळ प्लॅस्टिकच्या पापुद्र्यानं झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं चढली. कारण सरळ आहे. उघड्या जखमेचा वरचा थर वाळून कडक होतो. पेशींना त्याच्यावरून चालता येत नाही. त्या खाली ओल शोधत, वाट पोखरत जातात. त्यात खपली तडकली, की खाली बांधत आणलेली कोवळी रांग तुटते आणि काम पुन्हा मागं जातं.

आपल्या मुंबईच्या डॉक्टरांनी हे तत्त्व गरिबाला परवडेल असं करून दाखवलं, त्याचं मला फार कौतुक वाटतं. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली आणि १९८५ साली त्यावर लेख प्रसिद्ध केला. साल जखमेला चिकटत नाही, ओलावा धरते आणि काढताना मूल किंचाळत नाही. पुढं सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासली. त्याचे निष्कर्ष २००३ साली आले. पान गुळगुळीत, मेणचट, जखमेला न चिकटणारं आणि बटाट्याच्या सालीपेक्षाही खूपच स्वस्त.

अर्धापूरच्या भगिनी म्हणतील, आमच्या तर दारात केळी. पण थांबा. रुग्णालयात ही सालं आणि पानं वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेली असतात. बागेतलं पान तोडून जखमेवर बांधलं, तर पानाबरोबर धूळ आणि जंतूही बांधले जातील. घरी बांधायची ती दुकानातली न चिकटणारी पट्टी, नाहीतर स्वच्छ धुऊन उन्हात वाळवलेलं आणि इस्त्री फिरवलेलं सुती कापड. पान रुग्णालयातच राहू द्या.

ओली जखम म्हणजे चिघळलेली जखम नव्हे, बरं का. ओलसर, गुलाबी, वास नसलेली जखम चांगली. पिवळा-हिरवा पू, घाण वास, भोवती लाली आणि कढ, अंगात ताप, यांतलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय बंद आणि दवाखाना गाठायचा.

पोळल्यावर लगेच करायचं ते असं :

१. आच लागली त्या क्षणापासून गार, वाहतं पाणी वीस मिनिटं. बर्फ नको, त्यानं कातडीला आणखी इजा होते. लातूरकर म्हणतील, वीस मिनिटं नळ सोडायचा? ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावाला हा सल्ला देताना मलाही विचार करावा लागला. तर असं करा. हात घमेल्यावर धरा, तांब्यानं पाणी ओता, घमेल्यात साठलेलं पाणी स्वच्छ असेल तर तेच पुन्हा ओता. पाणी कोमट झालं की बदला. एका कळशीत भागतं. आणि ते पाणी नंतर झाडांना घाला.

२. बांगड्या, अंगठी, पाटल्या आधी काढा. हात सुजला की त्या रुततात, मग कापाव्या लागतात.

३. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई, काही नको. तूप आच आत कोंडतं. हळदीनं रंग चढतो आणि जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही.

४. फोड फोडू नका. फोडाची कातडी ही देवानं दिलेली पट्टी आहे. तिच्याखाली ओल असते आणि पेशी सुखानं चालतात.

५. आपल्या तळहाताएवढ्या जागेपेक्षा जास्त पोळलं असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, नाजूक जागा पोळल्या असतील, किंवा पोळलेलं लहान मूल असेल, तर लगेच रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

वरवरचं पोळलेलं दोन-तीन आठवड्यांत भरतं, कारण केसांच्या मुळाशी आणि घामाच्या ग्रंथींत काही पेशी शिल्लक असतात. त्या तिथून वर येतात आणि ठिकठिकाणी छोटी बेटं धरतात. ती बेटं वाढून एकमेकांना मिळतात. खोल भाजलं तर ही मुळंच जळतात. मग फक्त काठावरून चालत येणं उरतं, आणि ते अंतर फार असतं. म्हणून तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तर कातडी लावण्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. मांडीवरची पातळ कातडी काढून लावतात, तेव्हा पेशींना जवळची वसाहत मिळते आणि मधल्या फटी त्या भरून काढतात.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीचं मनगट पोळलं आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. जखमेच्या तळाशी आणखी एक जातीच्या पेशी येतात. त्या चालण्यापेक्षा आवळण्यात पटाईत. १९७१ साली गॅब्बियानी आणि सहकाऱ्यांनी त्यांची ओळख पटवली. त्यांच्यात स्नायूसारखी आवळण्याची ताकद असते, आणि त्या काठांना आत ओढून जखम लहान करतात. हे चांगलंच. पण सांध्यावर मात्र त्या बोटं, मनगट, कोपर, मान वाकड्या जागी आखडून टाकतात. दुखतं म्हणून आपण हात दुमडून, पोटाशी धरून बसतो, आणि तो तसाच बसतो. भाजलेला सांधा सरळ ठेवायचा, बोटांमध्ये पट्टी ठेवायची, मान पोळली असेल तर उशी घ्यायची नाही, आणि डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज व्यायाम करायचा. दुखतं, खरं आहे. पण आज थोडं दुखलेलं परवडतं, जन्मभर आखडलेला हात परवडत नाही.

दुसरं पत्र : तीन महिन्यांची जखम

उदगीरच्या बावन्न वर्षांच्या भगिनी लिहितात, "मला आठ वर्षांपासून साखर आहे. उजव्या अंगठ्याखाली तळपायाला जखम झाली, ती तीन महिने झाले तशीच. दुखत अजिबात नाही. रोज पट्टी करते, गोळ्या घेते. डॉक्टर म्हणाले पायावर भार देऊ नका. आता सांगा ताई, बसून कसं भागेल? सून नोकरी करते, भाकरी कोण थापणार? दसऱ्यानंतर पौर्णिमेला अनवाणी तुळजापूरला चालत जायचा नेमही आहे. दुखत नाही म्हणजे बरीच होत असेल ना?"

बाई, सगळ्या पत्रात मला भीती वाटली ती एका वाक्याची, "दुखत अजिबात नाही." मधुमेहानं पायाच्या नसा बधिर होतात. जखम दुखत नाही ती नसा झोपल्यात म्हणून. दुखलं असतं तर तुम्ही लंगडला असतात, आणि लंगडण्यानंच पाय वाचला असता.

तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक होते. ते १९४६ साली तिथं आले आणि कुष्ठरोग्यांचे हात-पाय त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले. कुष्ठरोगानं बोटं झडतात, मांस कुजतं, असं तेव्हा लोक मानत. ब्रँड यांनी दाखवून दिलं की मांस आपोआप कुजत नाही. बधिर झालेल्या पायावर त्याच जागी पुन्हा पुन्हा भार पडतो, घासतं, आणि माणसाला कळत नाही म्हणून तो चालतच राहतो. पायाला प्लॅस्टर घालून त्या जागेला विश्रांती दिली, की वर्षांच्या जखमा भरून येत. आज मधुमेहाच्या पायाच्या जखमेवर मुख्य इलाज तोच आहे, त्या जागेवरचा भार काढणं.

वरचं पेशींचं चालणं आता आठवा. काठावरून कोवळी रांग निघते. एकमेकींचे हात धरून, जेमतेम पकड घेऊन ती रात्रभर थोडी पुढं सरकते. सकाळी तुम्ही उठून ओट्याशी उभ्या राहता. सगळ्या अंगाचा भार अंगठ्याखालच्या त्या रुपयाएवढ्या जागेवर येतो. दाबानं तिथलं रक्त थांबतं, आणि पाऊल उचलताना जे घासतं, त्यानं रांग फाटते. रात्री पुन्हा निघायचं, सकाळी पुन्हा फाटायचं. असे तीन महिने. औषध, पट्टी, साखरेच्या गोळ्या सगळं बरोबर असलं, तरी भार तसाच आहे तोवर जखम भरणार नाही. तुमची पट्टी चुकत नाही, बाई. तुमचं उभं राहणं आडवं येतंय.

काय करायचं? डॉक्टरांना विचारून भार काढणारं प्लॅस्टर किंवा खास पादत्राण घ्या. काठावर जाड, कडक कातडं जमलं असेल तर ते डॉक्टरांकडूनच काढून घ्या. कडक काठावरून पेशी उतरत नाहीत, आणि खडा रुतावा तसं ते कातडं आतून दाबत राहतं. घरी ब्लेड लावू नका, कुरूपाच्या पट्ट्या चिकटवू नका, पाय शेकू नका. जखमेशेजारी मोजपट्टी धरून दर आठवड्याला मोबाईलवर फोटो काढा. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही, तर "चाललंय ना औषध" म्हणून थांबू नका. इलाज बदलायला हवा. लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि नांदेडचं विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही आपल्याच भागात आहेत. पाय काळा पडला, वास आला, ताप आला, तर त्याच दिवशी निघा.

तुळजापूरच्या नेमाचं सांगते. मी देवीच्या आड येत नाही. पण यंदा अनवाणी चालायचं नाही. गाडीनं जा, पायरीपर्यंत पायात पादत्राण असू द्या, दर्शन पहाटे घ्या, फरशी तापलेली नसते तेव्हा. जखम भरली तरी मधुमेह्यानं अनवाणी चालायचा नेम सोडावा हेच बरं. नवं पादत्राण घेताना मऊ मायक्रोसेल्युलर रबराचा तळवा मागा. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळपाय पाहा. आंघोळीच्या पाण्यात आधी कोपर बुडवा, मग पाय.

आणि भाकरीचं? हे पत्र तुमच्या घरच्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. तुमचा मुलगा, मालक, सून, सगळे वाचू देत. सहा-आठ आठवडे पायावर भार नाही, हा डॉक्टरांचा हुकूम घरच्या एकाच बाईनं पाळायचा नसतो, तो सगळ्या घराला लागू होतो. भाकरी बसून थापता येते, गॅस खाली चौरंगावर ठेवता येतो. पण पाणी भरणं, बाजार, भांडी, धुणं हे दुसऱ्यांनी उचलायला हवं. मुलाला भाकरी येत नसेल तर पोळीभाजी केंद्रातून आणा. पंधरा दिवसांनी तोही शिकेल. मागच्या ओळींनी जोर लावल्याशिवाय पुढची पेशीसुद्धा चालत नाही, मग माणसानं एकट्यानं का ओढायचं? पाय कापावा लागला तर याच घराला तुमचं सगळं जन्मभर करावं लागेल, हा हिशेब त्यांच्यासमोर स्पष्ट मांडा.

तिसरं पत्र : ग्रहणाचा ठपका

तिसरं पत्र लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. वय बावीस. "मला पहिली मुलगी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. सासरचे म्हणतात, पाचव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा तू विळीवर भाजी चिरली, म्हणून पोरीचा ओठ चिरला. मी चिरली होती, ताई. तेव्हापासून माझ्या हातचं कोणी खात नाही. मी माझ्याच लेकीचं वाटोळं केलं का?"

नाही. पोरी, हे पत्र चार वेळा वाच आणि घरात मोठ्यानं वाचून दाखव.

बाळाचा चेहरा आईच्या पोटात एकसंध तयार होत नाही. तो वेगवेगळ्या तुकड्यांनी वाढतो. दोन बाजूंनी दोन आणि मधून नाकाकडून येणारे, असे हे तुकडे पेशींच्या झुंडी घेऊन एकमेकांकडं सरकतात, काठाला काठ लागतो आणि सांधा जुळतो. जखम भरते तसंच हे. वरचा ओठ असा जुळतो तो गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना. टाळू त्यानंतर, तिसरा महिना सरेपर्यंत. काठ वेळेवर भेटले नाहीत, किंवा भेटून चिकटले नाहीत, तर फट राहते.

आता हिशेब कर. ओठ जुळायचा तो दुसऱ्या महिन्यात. ग्रहण होतं पाचव्या महिन्यात. तू विळी हातात घेतलीस, तेव्हा त्या ओठाचं जे व्हायचं ते होऊन तीन महिने झाले होते. बऱ्याच जणींना तर ओठ जुळायच्या दिवसांत आपल्याला दिवस गेलेत हेही नीट ठाऊक नसतं. मग ग्रहण पाळणार कोण? जगात साधारण सातशे जन्मांमागं एका बाळाला असा दुभंग असतो, आणि ज्या देशांत ग्रहण कोणी पाळत नाही तिथंही असतो.

कारणं कोणती? काही घराण्यांतून येतं, आईच्या किंवा बापाच्या, कोणाच्याही. फिटची काही औषधं, धूम्रपान, ताब्यात नसलेला मधुमेह यांनी धोका वाढतो. पुष्कळदा एक असं कारण सापडतच नाही. मिश्री आणि तंबाखू मात्र गरोदर बाईनं सोडावीच. बाळासाठी ती वाईटच. फिटचं औषध कोणी घेत असेल तर ते मनानं बंद करू नये, दिवस राहण्याआधी डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावं.

दुसऱ्या खेपेला उपयोगी पडेल असं एक सांगते, ते सगळ्याच सुनांना आणि लेकींना सांगा. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्यातून होतो, तो आधी पेशींचा एक सपाट पट्टा असतो. त्याच्या पेशी वरच्या बाजूनं बटव्याची नाडी आवळावी तशा आवळतात, पट्टा वाकतो आणि सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी होऊन तिचे काठ जुळतात. हे सगळं गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांत उरकतं. काठ उघडे राहिले तर पाठीचा कणा उघडा राहतो. फॉलिक ॲसिडची गोळी हे पुष्कळ अंशी टाळते, आणि ते १९९१ साली इंग्लंडमधून निघालेल्या मोठ्या चाचणीत पक्कं ठरलं. ओठाच्या दुभंगाबाबत पुरावा तितका पक्का नाही, तरी गोळी घ्यायचीच. ४०० मायक्रोग्रॅमची रोज एक, आणि ती दिवस राहण्याआधी महिनाभर सुरू करायची. पाळी चुकल्यावर सुरू केली तर उशीर होतो. पूर्वीच्या बाळाला कण्याचा दोष असेल, तर डॉक्टर जास्त मात्रा देतात.

आता तुझ्या लेकीसाठी. तिला उभं धरून पाज. ओढता येत नसेल तर अंगावरचं दूध काढून वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं थोडं थोडं दे, मधूनमधून ढेकर काढ. दर आठवड्याला वजन कर. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान करतात, टाळू दुभंगलेली असेल तर तिची नऊ ते अठरा महिन्यांत. बाळाचं वजन आणि रक्त भरायला हवं, म्हणून दूध महत्त्वाचं. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. गावच्या आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांग, त्या नोंद करून पुढं पाठवतात. तुझ्या लातुरातच प्लास्टिक सर्जन डॉ. विठ्ठल लहाने यांनी 'स्माईल ट्रेन' या संस्थेच्या मदतीनं अशा हजारो मुलांच्या शस्त्रक्रिया मोफत केल्या आहेत. खर्चाच्या भीतीनं घरी बसू नको.

शस्त्रक्रियेत सर्जन काठ ताजे करून, थरावर थर जुळवून टाके घालतात. टाके काठांना नुसतं जवळ आणतात. पुढं काठावरच्या पेशीच एकमेकींचा हात धरतात. म्हणून टाक्यांवर ताण नको. बाळाचा हात तोंडाकडं जाऊ नये म्हणून कोपराला मऊ पट्टा बांधतात, तो सांगितल्याइतके दिवस राहू द्यायचा. मायेनं लवकर सोडायचा नाही.

आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, आपण आपल्या नातीच्या ओठाचा दोष विळीला दिला, तो विळीचा नव्हता. सुनेच्या हातची भाकरी आजपासून खायला सुरुवात करा. बाळाला दूध येतं ते तिच्या अंगावर, आणि तिला पोटभर, मन शांत ठेवून जेवायला मिळालं तर ते वाढतं.

तिघींनीही महिनाभरानं पुन्हा लिहावं. मनगट सरळ होतं का, जखम किती मिलिमीटरनं लहान झाली, बाळाचं वजन किती वाढलं, हे मला आकड्यांत कळवा. पुढच्या अंकात उन्हाळी वाळवणं करताना होणारी कंबरदुखी घेऊ. त्याबद्दलच्या शंका आत्तापासून पाठवा.